डावीकडून आलेली सायकल

शहराच्या त्या भागात नुसतं 'बाई' म्हटलं, तर शाळेतल्या बाई कुणाला आठवायच्या नाहीत. आठवायच्या त्या गाडी शिकवणाऱ्या बाई. केस मागे घट्ट बांधलेले, पायांत सपाट बूट, आणि आवाज असा की पलीकडच्या गाडीतला माणूससुद्धा दचकून सीट बेल्ट लावेल. अर्ध्या बाजारपेठेला त्यांनी क्लच सोडायला शिकवलं होतं. औषधांच्या दुकानाचा मालक, टपाल वाटणारी, दोन वकील, शाळेचे मुख्याध्यापक, सगळे कधी ना कधी त्यांच्या शेजारी बसून घामाघूम झालेले.

बाईंचा नवरा मेकॅनिक. घराच्या पुढच्या अंगाला त्याचं गॅरेज, मागे मोकळं आवार, आणि त्या आवारात बाईंचा क्लास. शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटपाशीही ब्रेक आणि क्लच त्यानेच बसवून दिले होते. "लोक बायकोला दागिने करतात, मी ब्रेक करून दिला," असं तो येईल त्याला सांगायचा.

त्या वर्षी बाईंकडे एक शिंपीण शिकायला येत होती. चाळिशीची, पडदे आणि सोफ्याची कव्हरं शिवणारी, पदरात दोन मुलं. गिऱ्हाइकांकडे माल पोचवायला तिला स्वतः गाडी चालवता यायला हवी होती. सुईच्या नेढ्यात पहिल्या झटक्यात दोरा ओवणारी ही बाई गाडीत बसली की पार गळून जायची. स्टिअरिंग असं आवळून धरायची, की जणू कुणी ते हिसकावून पळणार आहे. बाई तिला सारख्या सांगायच्या, "अगं, ते पळत नाही. पळतेय ती गाडी. रस्त्याकडे बघ."

एके दिवशी सकाळी दोघी बाजाराच्या मागच्या रस्त्याने चालल्या होत्या. गर्दी नव्हती, ऊन स्वच्छ पडलेलं. बाई आरशात बघून काहीतरी सांगत होत्या, तेवढ्यात शिंपिणीने करकचून ब्रेक दाबला. गाडी गचका देऊन बंद पडली. बोनेटच्या पुढून, हात लावता येईल इतक्या अंतरावरून, डावीकडच्या गल्लीतून आलेली एक सायकल निघून गेली. सायकलवर शाळेची पोर होती. तिने मान वळवून दोघींकडे रागाने बघितलं आणि ती गेली.

बाईंच्या काळजात धस्स झालं. सायकल थांबली नाही म्हणून नव्हे. त्यांचा पाय जागचा हललाच नव्हता. सायकल बोनेटपुढे येईपर्यंत त्यांच्या लेखी ती रस्त्यावर नव्हतीच.

शिंपीण म्हणाली, "बाई, तुम्हाला दिसली नाही का हो?"

"दिसली की," बाई म्हणाल्या. "तू ब्रेक मारतेस का, ते बघत होते."

शिंपिणीचा चेहरा असा फुलला, की बाईंना तिच्याकडे बघवेना. उरलेला वेळ तिने गाडी झकास चालवली. बाई मात्र दोन्ही पाय ब्रेकवर ठेवल्यासारख्या अंग चोरून बसल्या होत्या.

घरी आल्यावर त्यांनी चहा केला आणि तो तसाच ठेवला. एकेक गोष्ट आपोआप आठवायला लागली. गाडीच्या डाव्या दाराला पडलेले ओरखडे. त्यावरून नवऱ्याशी झालेलं भांडण, कारण गाडी गॅरेजमध्ये त्यानेच लावली असणार, असं बाईंनी ठासून सांगितलं होतं. जिन्याची शेवटची पायरी चुकणं. टेबलाच्या कडेचा पेला कोपर लागून पडणं. संध्याकाळी समोरच्या दिव्यांनी डोळे दिपणं. दर वेळी कारण तयार होतं. वय झालं, चष्मा जुना झाला, लक्ष नव्हतं. समोरचं तर लख्ख दिसत होतं. लांबच्या दुकानाच्या पाटीवरची बारीक अक्षरं त्या अजून वाचून दाखवायच्या.

दुपारी त्यांनी नवऱ्याला आवारात बोलावलं. तो हात पुसत आला. बाई गाडीत बसल्या होत्या, काच खाली केलेली.

"गाडीच्या मागून सुरुवात करा आणि डाव्या बाजूने हळूहळू पुढे या," त्या म्हणाल्या. "मी समोरच्या भिंतीकडे बघते. दिसलात की सांगते."

"आता ह्या वयात लपाछपी?" तो हसला. तरी निघाला. चालता चालता शीळ घालत होता, म्हणून बाई ओरडल्या, "आवाज नको!"

मग शांतता. बाई भिंतीवरच्या एका डागाकडे बघत राहिल्या. बराच वेळ गेला. हा माणूस मध्येच कुठे गॅरेजमध्ये परतला की काय, असं त्यांना वाटलं.

"अहो, निघालात का नाही?"

आवाज अगदी जवळून आला. "अगं, मी इथे आहे."

त्यांनी मान वळवली. नवरा बोनेटपाशी, पुढच्या दिव्याला टेकून उभा होता. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू केव्हाच पुसलं गेलं होतं.

"मी इथून हात हलवत होतो," तो म्हणाला. "कधीचा."

दुसऱ्या दिवशी बाईंनी सगळे क्लास रद्द केले आणि दोघं डोळ्यांच्या दवाखान्यात गेली. गाडी नवऱ्याने चालवली. दवाखान्यातली डॉक्टर तरुण होती, बोलायला गोड आणि कामात पक्की. तिने डोळ्यांचं प्रेशर मोजलं, आत उजेड टाकून बराच वेळ बघितलं, आणि बाईंना एका अंधाऱ्या खोलीत नेलं. तिथे एक यंत्र होतं. पांढऱ्या, मोठ्या वाडग्यात तोंड घालून बसायचं, मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं, आणि आजूबाजूला कुठेही बारीक उजेड लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. आधी एका डोळ्याने, मग दुसऱ्याने, मग दोन्ही उघडे ठेवून.

बाईंना वाटलं, यंत्र मध्ये मध्ये बंद पडतंय. बाहेर आल्यावर त्यांनी तसं सांगितलंही.

"ते बंद पडत नव्हतं, काकू," डॉक्टर म्हणाली. "दिवे लागत होते."

तिने कागदावरचं चित्र दाखवलं. करड्या रंगात काळे डाग होते. डाव्या डोळ्याच्या चित्रात मधेच तेवढं उजळ उरलं होतं. उजव्या डोळ्यात डाग लहान होता, पण तो नाकाकडच्या बाजूला, म्हणजे डावीकडेच.

"हा काचबिंदू आहे," डॉक्टर म्हणाली.

नवऱ्याचा जीव भांड्यात पडला. "हात्तिच्या! माझ्या मामांनाही झाला होता. ऑपरेशन करून टाकू. दुसऱ्या दिवशी मामा पेपर वाचत होते."

"तो मोतीबिंदू, काका. तो काढला की दिसायला लागतं. हा वेगळा." डॉक्टर खुर्ची पुढे ओढून बसली. "डोळ्यातलं पाणी नीट निचरत नाही, आत दाब वाढतो, आणि मागच्या नसेला तो सोसत नाही. नस हळूहळू सुकते. आधी बाजूचं जातं, समोरचं शेवटपर्यंत टिकतं. म्हणून कळत नाही. दुखत नाही, खुपत नाही."

"पण मला काळं कुठे काय दिसतंय?" बाई म्हणाल्या. "सगळं भरलेलं दिसतं."

"मेंदू भरतो ते. आजूबाजूचा रस्ता घेतो आणि भोकावर ओढून घेतो. तुम्हाला रस्ता दिसतो, रस्त्यावरचा माणूस दिसत नाही."

बाईंच्या डोळ्यांपुढून ती सायकलवरची पोर गेली.

"गेलेलं परत येणार नाही," डॉक्टर पुढे म्हणाली. "हे मी गोड करून सांगणार नाही. पण आहे ते राखता येतं. रोज न चुकता थेंब घालायचे, वेळेवर तपासायला यायचं. बहुतेकांचं चांगलं टिकतं. तुम्ही वाचाल, शिवाल, टीव्ही बघाल, एकट्या फिराल."

"आणि गाडी?"

डॉक्टरने कागद उलटा ठेवला. "काहींना आम्ही परवानगी देतो, काकू. एका डोळ्याचं गेलं आणि दुसऱ्याने ती जागा भरून निघत असेल, तर चालवता येते. तुमच्यात दोन्ही डोळ्यांची भोकं एकमेकांवर येतात. तुम्ही चालवू नका. शेजारी बसून शिकवूही नका. दुसऱ्याचा ब्रेक तुमच्या पायात नको."

निघताना डॉक्टरने विचारलं, "घरात कुणाला होता का? आई, वडील, भावंडं? हा पुष्कळदा घराण्यात चालत येतो."

"नाही," बाई म्हणाल्या. आणि परतीच्या वाटेवर, गाडी सिग्नलला उभी असताना, त्यांना वडील आठवले.

वडील उतारवयात फार वेंधळे झाले होते. दाराच्या चौकटीला खांदा आपटायचा, पाणी पेल्याबाहेर सांडायचं, रस्त्यात ओळखीच्यांना ते ओलांडून जायचे आणि लोक म्हणायचे, म्हातारा शिष्ट झाला. बाई आणि त्यांचा थोरला भाऊ त्यावरून वडिलांची नक्कल करायचे. वडील स्वतःही हसायचे. कुणी त्यांना कधी दवाखान्यात नेलं नाही. समोरचं वर्तमानपत्र तर ते चष्म्याशिवाय वाचत होते.

"वेंधळे नव्हते हो ते," बाई एकदम म्हणाल्या. नवऱ्याला काही समजलं नाही, पण बायको लग्नानंतर पहिल्यांदा रस्त्यात रडत होती, म्हणून सिग्नल हिरवा झाल्यावरही त्याने गाडी हलवली नाही. मागच्यांनी हॉर्न वाजवून रस्ता डोक्यावर घेतला.

पुढचे दिवस वाईट गेले. बाईंनी क्लासची पाटी उतरवून भिंतीकडे तोंड करून ठेवली. विद्यार्थ्यांचे फोन नवरा घ्यायचा आणि "बाईंना बरं नाही" एवढंच सांगायचा. रात्रीचं जेवण झालं की तो थेंबांची बाटली घेऊन यायचा. गाडीच्या इंजिनात थेंब न सांडता तेल ओतणारा हा गडी, पण बायकोच्या डोळ्यात औषध घालताना त्याचा नेम चुकायचा. पहिला थेंब गालावर, दुसरा कानात.

"मला ऐकायला व्यवस्थित येतं," बाई म्हणायच्या.

"हल्ली तू माझं काही ऐकत नाहीस, म्हटलं औषध घालून बघू."

असं म्हणत म्हणत त्याला जमलं. थेंब घालून झाला की बाई डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दाबून धरायच्या आणि तो तेवढा वेळ शेजारी बसून राहायचा.

एक गोष्ट मात्र बाईंना गप्प बसू देत नव्हती. शेवटी त्या चालत शिंपिणीच्या दुकानात गेल्या. शिंपीण मशिनवर होती. बाईंना बघून तिने पाय थांबवला.

"त्या दिवशीची सायकल मला दिसली नव्हती," बाई म्हणाल्या. "मी तुला खोटं सांगितलं. मला काचबिंदू आहे. डावीकडचं दिसत नाही."

त्यांना वाटलं होतं, ती म्हणेल, जाऊ द्या हो बाई. तसं झालं नाही. शिंपिणीच्या हातातलं कापड खाली गेलं.

"मी गाडीत होते," ती म्हणाली. "माझी दोन लेकरं घरी होती. मी तुमच्या भरवशावर बसत होते, बाई. मला वाटायचं, माझं काही चुकलं तर तुमचा पाय आहे."

"हो."

"आणि त्यानंतरही मी उड्या मारत घरी गेले. सगळ्यांना सांगितलं, बाईंनी माझी परीक्षा घेतली आणि मी पास झाले."

"ते मात्र खरं आहे. पास तूच झालीस."

शिंपिणीने मान फिरवली आणि मशिन चालू केलं. बाई निघाल्या. मन हलकं बिलकं काही झालं नव्हतं. पण रात्री झोप मात्र लागली.

आता राहिला होता भाऊ. दादा लांब पल्ल्याची बस चालवायचा. डोंगर उतरून समुद्रापर्यंत जायचं आणि परत यायचं. आयुष्यभर त्याच्या गाडीला कुणाचा धक्का लागला नव्हता आणि ह्या गोष्टीचा त्याला भारी तोरा होता. बाई त्याच्या घरी गेल्या तेव्हा तो गणवेशाचा शर्ट इस्त्री करत होता. वहिनी भाजी निवडत होत्या.

काचबिंदूचं नवऱ्याने फोनवर कळवलं होतंच, बाईंनी आता सगळं सविस्तर सांगितलं. वडिलांचंही. मग म्हणाल्या, "दादा, तू एकदा दाखवून ये."

दादाने इस्त्री उभी केली. "मला काय झालंय? मला सगळं दिसतं."

"मलाही सगळं दिसत होतं."

"हे बघ, तुझी गाडी सुटली, मला वाईट वाटतं. पण म्हणून माझी सोडवायला येऊ नकोस. डॉक्टरला काय, एक कागद लिहायचा आणि मोकळं व्हायचं. मी करू काय मग? घरी बसून हिच्याबरोबर भाजी निवडू?"

"निवडलीस तर बिघडणार नाही काही," वहिनी म्हणाल्या.

"तू मध्ये बोलू नकोस!"

बाई उठल्या. "दादा, माझ्या गाडीत एक माणूस असायचं. तुझ्या मागे बसभर असतात. त्यातलं कुणी तुला विचारत नाही, की ड्रायव्हरसाहेब, तुम्हाला डावीकडचं दिसतं ना? ते पाठ टेकून झोपतात."

दादा शर्टाची कॉलर पुन्हा इस्त्री करायला लागला. ती आधीच कडक झाली होती.

वहिनी फाटकापर्यंत सोडायला आल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, "मनावर घेऊ नका. घाबरलेत ते. तुमच्याबद्दल कळल्यापासून रोज सकाळी स्वयंपाकघरात एक डोळा झाकून भिंतीवरचं घड्याळ बघतात. मग दुसरा झाकतात. मी आले की डोळ्यात काही गेल्याचं नाटक करतात."

"घड्याळ दिसणारच त्याला," बाई म्हणाल्या. "घड्याळ समोर असतं."

वहिनींनी हे वाक्य घरात जाऊन जसंच्या तसं सांगितलं असावं. कारण पुढच्याच आठवड्यात दादाचा फोन आला. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "कुठे आहे तो तुझा दवाखाना?"

बाई त्याच्याबरोबर गेल्या. दादा वाडग्यात तोंड घालायला आत गेला, तेव्हा बाई बाहेरच्या बाकावर बसल्या. स्वतःच्या वेळी त्या इतक्या घाबरल्या नव्हत्या. आपण ह्या माणसाची भाकरी तर काढून घेत नाही ना, असा विचार मनात येऊन गेला. लगेच दुसरा आला, की सकाळची बस भरलेली असते.

डॉक्टरने दोघांना एकदमच आत बोलावलं.

"काका, डोळ्यांचं प्रेशर वाढलेलं आहे," ती म्हणाली. "नसेवरही सुरुवातीच्या खुणा आहेत."

दादाने बहिणीकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, लहानपणी झाडावर चढून खाली उतरता येत नव्हतं तेव्हाचा दादा होता.

"पण नजर पूर्ण आहे," डॉक्टर म्हणाली. तिने चित्र पुढे केलं. कागद जवळजवळ स्वच्छ होता. "चारी बाजूंचं दिसतंय. आत्ता थेंब सुरू केले, तर हे असंच राहायची चांगली शक्यता आहे. तुमच्या कंपनीच्या डॉक्टरांना मात्र सांगायचं, लपवायचं नाही. आणि मी म्हणेन तेव्हा तपासायला यायचं."

"म्हणजे... बस?"

"चालवा की."

दादा उठून उभा राहिला, पुन्हा बसला, खिशातून रुमाल काढला आणि जोरात नाक शिंकरलं. "दोन वर्षांनी आला असतात, तर मी हे म्हणाले नसते," डॉक्टर म्हणाली. "बहिणीचे आभार माना."

दादाने आभार वगैरे मानले नाहीत. बाहेर आल्यावर बहिणीच्या डोक्यावर टपली मारली आणि म्हणाला, "ह्या थेंबांनी डोळे चुरचुरतात का गं?" बाई म्हणाल्या, "चुरचुरतात. रडायचं नाही."

त्या दिवशी घरी येताना बाईंना किती तरी दिवसांनी भूक लागली. जेवता जेवता नवरा म्हणाला, "मी एक विचार केलाय. तू हसणार असशील तर सांगत नाही."

"सांगा."

"शेजारच्या सीटवर मी बसतो. तू मागे बसून शिकव."

बाई खरंच हसल्या. हा माणूस कुणाला काही शिकवायचा म्हणजे संकटच. "हं, तसं नाही, असं," यापलीकडे त्याच्याकडे शब्द नसायचे, आणि तिसऱ्यांदा चुकलं की तो पाना घेऊन स्वतःच कामाला लागायचा.

"मी तोंड उघडणार नाही," तो म्हणाला. "मी फक्त पाय. तोंड तुझं. तुझ्या तोंडाला काही झालेलं नाही, हे मी कुठेही लिहून देईन."

त्याने शिकवायचा परवाना काढला, त्यासाठी डोळेही तपासून घेतले. बाईंनी पाटी पुन्हा लावली. जे फोन करत त्यांना बाई स्वतःच आधी सगळं सांगायच्या. माझी बाजूची नजर गेली आहे, ब्रेकवर माझे मिस्टर असतील, मी मागून बोलेन. चालत असेल तर या. काही जण आले नाहीत. एका वकिलाने आपल्या मुलीला दुसरीकडे घातलं. पण बरेच आले, कारण ज्यांच्या आईबापांना बाईंनी शिकवलं होतं, त्यांना बाईच हव्या होत्या.

आणि एका सकाळी आवारात शिंपीण उभी होती. हातात पर्स, तोंड फुगलेलं.

"ब्रेकवर कोण?" तिने नमस्कारही न करता विचारलं.

"हे."

"डोळे बघितलेत त्यांचे?"

नवऱ्याने पुढे होऊन सांगितलं, "दोन्ही. आणि चारी बाजूंनी. वाटल्यास तुम्ही माझ्याभोवती फिरून बघा."

शिंपिणीला हसू आलं. ते तिने दाबलं आणि ती ड्रायव्हरच्या सीटवर बसली. "मी अजून रागावलेली आहे," आरसा नीट करता करता ती म्हणाली.

"असू दे," मागून बाई म्हणाल्या. "रागात लोक क्लच चांगला सोडतात."

मागच्या सीटवरून शिकवणं वेगळंच होतं. पुढून बाईंना रस्ता दिसायचा. मागून त्यांना माणूस दिसायला लागला. खांदे कधी वर जातात, मान कधी आखडते, उजवीकडे बघायचा कंटाळा कुणाला येतो. शिंपिणीचे खांदे बाजार जवळ आला की कानांना टेकायचे. "खांदे खाली," बाई म्हणायच्या, आणि गाडी आपोआप सरळ चालायची. नवरा तोंड उघडणार नाही म्हणाला होता, पण पहिल्याच चौकात त्याने ते उघडलं.

"अहो, तिसरा गिअर किंचाळतोय, ऐकू येत नाही का? मला रात्रभर झोप येणार नाही."

"तुम्ही पाय आहात," बाई म्हणाल्या.

"पायालाही भावना असतात."

शिंपीण इतकी हसली, की गाडी बाजूला घ्यावी लागली. त्यानंतर तिला बाजाराची भीती वाटली नाही. चाचणी ती पहिल्या फेरीतच पास झाली आणि बाईंना सांगायला आली तेव्हा घरातल्या जुन्या पडद्यांची मापं घेऊन गेली. "रागावलेली आहे म्हणून फुकट शिवणार नाही," ती म्हणाली. तरी नवे पडदे लावले तेव्हा तिने शिलाई घेतली नाही.

बाईंचे दिवस सोपे झाले असं नाही. संध्याकाळी अनोळखी रस्त्यावर पाऊल टाकताना त्या अजून चाचरायच्या. मंडईत डावीकडून कुणी आलं की टक्कर व्हायची आणि लोक खेकसायचे. मग त्यांनी स्वतःलाच शिकवायला घेतलं. मान वळवत, डावीकडे आधी, चालायचं. कुणी खेकसलं तर सरळ सांगायचं, "मला ह्या बाजूचं दिसत नाही." माणसं एवढ्या चटकन नरमतात, हे त्यांना आधी माहीत नव्हतं. आणि पायी हिंडताना त्यांना आपलंच शहर नव्याने भेटत होतं. वर्षानुवर्षं ज्या वळणावर त्या "इंडिकेटर!" म्हणून ओरडल्या होत्या, तिथे एक घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे आणि त्याचा म्हातारा मालक छान गप्पा मारतो, हे त्यांना आत्ता कळलं.

पुढच्या तपासणीला डॉक्टरने जुनं आणि नवं चित्र शेजारी शेजारी ठेवलं. डाग तेवढेच होते. "जिथे होतं तिथेच आहे," ती म्हणाली. बाईंनी दोनदा विचारून खात्री करून घेतली.

ही बातमी दादाला सांगितली, तेव्हा तो म्हणाला, "मग चल माझ्याबरोबर. समुद्र बघून ये."

गंमत म्हणजे बाई कधी दादाच्या बसमध्ये बसल्याच नव्हत्या. कुठे जायचं तर स्वतःची गाडी. त्या रविवारी त्या आणि नवरा पहिल्या रांगेत बसले. दादा इस्त्रीचा शर्ट घालून चढला आणि त्याने बहिणीकडे ओळखही न दाखवता आरसे तपासले. निघायच्या आधी त्याने मान पार उजवीकडे, मग पार डावीकडे नेऊन बघितलं. बस डोंगरातून उतरायला लागली. वळणांवर दादाचे हात असे फिरत होते, की बाई बघतच राहिल्या.

शेजारच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईने वाकून विचारलं, "रस्ता फार वळणाचा आहे. ड्रायव्हर बरा आहे ना हो?"

"चांगला आहे," बाई म्हणाल्या. "वळणावर जरा उशिरा गिअर बदलतो. उतरल्यावर सांगेन मी त्याला."

दादाचे कान तिखट होते. त्याने मागे न बघता हात वर करून 'गप्प बस' अशी खूण केली. म्हातारीने निर्धास्त होऊन डोळे मिटले, आणि बाईंनी खिडकीची काच सरकवून वारा आत घेतला.